लहान मुलाचा शब्द आणि कोर्टाला हवी असलेली दुसरी खूण

बालसाक्षीदार हा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतात : पूर्वी कोर्ट लहान मुलांची साक्ष मानत नसे, २०१२ साली पोक्सो कायदा आला आणि मानायला लागलं. वाक्य सोपं आहे, गाईडलाही आवडतं. पण ते खरं नाही. आणि त्यावर उभं केलेलं संशोधन सुरुवातीलाच चुकीच्या रुळावर जातं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११८ काढून बघा. साक्षीदाराला किमान वयाची अट तिथे नाही. विचारलेला प्रश्न समजतो आणि त्याचं धड उत्तर देता येतं, एवढं कोर्टाला वाटलं की साक्षीदार पात्र. मग तो पाच वर्षांचा असो की पंचाऐंशीचा. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम १२४ म्हणून, जवळपास जशीच्या तशी, आली आहे. म्हणजे कायद्याचा दरवाजा दीडशे वर्षांपासून उघडाच आहे. मग मूल आत येऊनही त्याचं ऐकलं का गेलं नाही, हा खरा प्रश्न. माझं आतापर्यंतचं वाचन असं सांगतं की कोर्टाने मुलाला आत घेतलं, पण त्याच्या शब्दावर थांबायची तयारी ठेवली नाही. शब्दाच्या पलीकडची एखादी खूण कोर्टाला लागत राहिली. आधी शपथ, मग दुजोरा, मग शरीरावरच्या जखमा, मग वयाचा दाखला. एक खूण कायद्याने बाद केली की दुसरी पुढे आली.

आधी थोडं भूगोलाचं. वर्धा जिल्ह्यातल्या खटल्यांचा माग काढायचा तर वरची कोर्टं कशी बदलत गेली हे माहीत हवं. मध्य प्रांतात असताना वर्ध्याची अपिलं नागपूरच्या ज्युडिशिअल कमिशनरच्या कोर्टात जात. १९३६ साली तिथे नागपूर हायकोर्ट झालं. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, वर्धा मुंबई राज्यात आलं आणि तेव्हापासून ही अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. तीन कोर्टं, तीन प्रकारचे निवाडे. इंटरनेटवर शोधताना 'बॉम्बे' एवढंच टाकलंत तर १९५६ आधीचं सगळं हातातून निसटेल. 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या जुन्या खंडांत नागपूरचा वेगळा विभाग असतो, तो बघायचा. हा रिपोर्टर निघतोही नागपुरातूनच, वा. वि. चितळे यांनी सुरू केलेला. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता शपथ. १८७३ च्या शपथ कायद्याने प्रत्येक साक्षीदाराला शपथ सक्तीची केली होती. पुरावा कायदा म्हणतो मूल चालेल, शपथ कायदा म्हणतो शपथ हवीच. आणि सात-आठ वर्षांच्या पोराला शपथ म्हणजे काय ते सांगता येईना. मग करायचं काय? १९३९ साली दुरुस्ती झाली : बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलण्याचं कर्तव्य कळतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं कोर्टाचं मत झालं, तर शपथेशिवाय साक्ष घ्यावी. पुढे १९४५-४६ च्या सुमाराला ब्रिटिश सोमालीलँडमधला एक खून खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तिथे आपलाच पुरावा कायदा लागू होता आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीची साक्ष शपथेविना घेतली होती. प्रिव्ही कौन्सिलने ती चालवून घेतली. आफ्रिकेतल्या एका मुलीच्या साक्षीचा निकाल पुढे भारतातल्या कोर्टांनी वर्षानुवर्षं वापरला.

स्वतंत्र भारतातला पहिला मोठा निवाडा 'रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य', डिसेंबर १९५१ चा. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. हे आपल्या भागातले : नागपूरच्या सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू, नागपूर हायकोर्टात न्यायाधीश, मग मुख्य न्यायाधीश, आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. त्यांच्यापुढच्या खटल्यात आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला होता. खालच्या न्यायाधीशाने 'हिला शपथेचं पावित्र्य कळत नाही' अशी नोंद करून शपथ दिली नाही, पण 'खरं बोलण्याचं कर्तव्य कळतं' ही नोंद करायचं राहून गेलं. आरोपीचं म्हणणं, एवढ्यावरून साक्षच बाद. बोस यांनी ते मानलं नाही. शपथ राहिली तर साक्षीचं वजन किती याचा विचार होईल, साक्षीदार अपात्र ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मात्र न्यायाधीशांनी यापुढे मुलाला खरं बोलण्याचं कर्तव्य कळतं की नाही हे कारणांसह नोंदवावं, असंही त्यांनी सुचवलं.

ही सूचना चांगल्या हेतूची होती, तिचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. साक्ष सुरू होण्याआधी न्यायाधीश मुलाला काही प्रश्न विचारतात. नाव काय, कितवीत आहेस, बाईंचं नाव काय, खरं बोलावं की खोटं, खोटं बोललं तर काय होतं? पोरं सांगतात पाप लागतं, देव शिक्षा करतो, बाई मारतात. यातलं कुठलं उत्तर पुरेसं हे न्यायाधीशावर. आठ वर्षांच्या मुलाची अशी परीक्षा होते आणि त्याच पिंजऱ्यात त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या पंचाची होत नाही. (पंच किती खरं बोलतात हे फौजदारी कोर्टात एक आठवडा बसलेल्या कुणालाही विचारा.)

मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे माझा पुढचा प्रश्न असा होता की ही परीक्षा ज्यासाठी घेतात ते ती मोजते का? यावर कॅनडात व्हिक्टोरिया तलवार, कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. खोटं म्हणजे काय हे नीट समजावून सांगणारं मूल खरं बोलेलच असं नाही, असं त्यांना दिसलं. उलट 'मी खरं सांगेन' असं साधं वचन घेतलं की मुलं जास्त खरं बोलतात. कॅनडाच्या संसदेने कायदा बदलला आणि २००६ पासून तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाकडून फक्त खरं बोलण्याचं वचन घेतात. सत्य म्हणजे काय याची तोंडी परीक्षा घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे १९६९ च्या शपथ कायद्यात जुनीच तरतूद पुढे चालू राहिली. आपल्या मुलांवर असा प्रयोग करून बघायला भरपूर वाव आहे, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरी खूण दुजोऱ्याची. मुलाच्या शब्दाला आणखी कुणाचा तरी आधार हवा, हा नियम कुठल्याही कलमात नाही. इंग्लंडच्या कोर्टांतून आलेली ती खबरदारीची रीत. बोस यांनी रामेश्वर खटल्यात हेच स्पष्ट केलं : दुजोरा शोधणं हे शहाणपण आहे, कायद्याची सक्ती नाही. आणि मुलीने घटनेनंतर काही तासांत आईला जे सांगितलं तेच दुजोरा म्हणून चालू शकतं, असंही ठरवलं. हा निवाड्यातला सगळ्यात माणुसकीचा भाग. मूल आधी पोलिसाकडे जात नाही, आईकडे जातं. १९९७ मध्ये 'दत्तू रामराव साखरे' या महाराष्ट्रातल्या खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की विश्वासार्ह बालसाक्षीदाराच्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. पण त्याच निवाड्यात सावधगिरीचा इशाराही आहे. खालच्या कोर्टांचे निकाल वाचले तर एक गंमत दिसते. शिक्षा द्यायची असेल तर न्यायाधीश पहिला भाग उद्धृत करतात, सोडायचं असेल तर दुसरा. निवाडा एकच.

आता वर्ध्याहून पूर्वेला, वैनगंगेकडे जावं लागेल, कारण आपल्या खंडपीठाखालचा आणि देशाचा कायदा बदलणारा खटला तिथला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. खटल्याचं नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य', पण सगळे तो त्या मुलीच्या नावाने ओळखतात. मी ते नाव लिहिणार नाही. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं भारतीय दंड संहितेचं २२८-अ कलम याच खटल्यानंतर आलं, आणि तरी पाठ्यपुस्तकांपासून नेट-सेटच्या नोट्सपर्यंत ते नाव बिनदिक्कत छापलं जातं. तुमच्या प्रबंधात आरोपीच्या नावाने संदर्भ द्या, काही अडत नाही.

स्त्रियांच्या चळवळीच्या इतिहासात हा खटला संमतीचा म्हणून शिकवतात, आणि ते बरोबर आहे. १ जून १९७४ ला सेशन कोर्टाने दोघांना सोडलं, १२ ऑक्टोबर १९७६ ला नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून संमती असावी, हा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३ ची दुरुस्ती झाली.

पण आपल्या विषयासाठी हाच खटला वेगळ्या जागी बोट ठेवून वाचायचा. डॉक्टरांनी त्या मुलीचं वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितलं होतं. त्या वेळी संमतीचं वय १६ होतं. म्हणजे डॉक्टरांच्या अंदाजाची जवळपास सगळी पट्टी १६ च्या खाली. मुलगी १६ च्या आत आहे असं धरलं असतं तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. संमती होती की नव्हती, जखमा होत्या की नव्हत्या, सगळी चर्चा गैरलागू ठरली असती. सेशन कोर्टाने म्हटलं, ती १६ च्या आत होती याचा समाधानकारक पुरावा नाही. तिथेच ती कायद्याच्या नजरेत मूल राहिली नाही आणि संमती देऊ शकणारी बाई झाली. पुढची सगळी प्रसिद्ध चर्चा या एका वाक्याच्या पाठीवर उभी आहे. या वाक्यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

हाडांवरून वय कसं काढतात ते थोडक्यात. लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या काळात वेगळा तुकडा असतो, तो वय वाढेल तसा मुख्य हाडाला जुळतो. कोपर, मनगट, कमरेचं हाड यांचे क्ष-किरण फोटो काढून कुठला तुकडा जुळला, कुठला अजून सुटा आहे ते बघतात आणि तक्त्याशी ताडतात. आहार, आजार, अंगमेहनत या सगळ्यांनी हे मागेपुढे होतं. १९८२ साली 'जयामाला' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. प्रयोगशाळेत मोजमापापुढे अधिक-उणे लिहिलं नाही तर एमएस्सीला मार्क कापायचे. कोर्टात अधिक-उणे लिहिलेलं असतं, पण ते कुणाच्या पदरात टाकायचं हा प्रश्न उरतो. संशयाचा फायदा आरोपीला, हे फौजदारी न्यायाचं मूळ तत्त्व आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण परिणाम बघा : जिच्याकडे जन्माचा दाखला नाही, तिच्या वयाला दोन वर्षं आपोआप जोडली जाऊ शकतात. दाखला कुणाकडे नसतो हे सांगायला नको.

म्हणून आज क्रम ठरलेला आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. हा क्रम खरं तर कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांसाठी होता. २०१३ च्या 'जर्नेल सिंग' निवाड्याने तशाच नियमाचा आधार पीडित मुलांच्या वयासाठीही घेतला. त्यामुळे आज पोक्सोच्या खटल्यात जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक बगलेत दाखल-खारीज रजिस्टर घेऊन साक्षीला येतात. आणि उलटतपासणी सुरू होते : ही नोंद तुम्ही स्वतः केली का? जन्मतारीख कुणी सांगितली? कागद पाहिला होता का? ज्या शाळेत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस जूनच्या एक तारखेला येतो तिथल्या मुख्याध्यापकाला या प्रश्नांची उत्तरं देणं सोपं नाही. विदर्भात जुन्या पिढीच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात सापडते, जातीच्या दाखल्यासाठी लोक आजही त्याची नक्कल काढतात. वय सिद्ध करण्याचा इतिहास लिहायचा असेल तर कोतवाल बुक, दाखल-खारीज आणि क्ष-किरण अहवाल ही तीन साधनं शेजारी ठेवून काम करता येईल. स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे तो, कुणी घ्या.

शरीराच्या खुणांकडे येते, कारण इथे वर्ध्याचा थेट संबंध आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतल्या वैद्यकीय तपासणीच्या दर्जावर एक अहवाल तयार केला. तपासणीला ठरलेला नमुना नाही, नमुने गोळा करण्यात शिस्त नाही, डॉक्टरांच्या अभिप्रायाला शास्त्रीय पाया नाही, असा त्याचा रोख. त्यावर डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. एका जिल्ह्याच्या रुग्णालयातले कागद बारकाईने वाचण्यातून सुरू झालेलं हे काम राज्याच्या धोरणापर्यंत गेलं. २०१३ मध्ये महाराष्ट्राने तपासणीचा नवा नमुना काढला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'लिल्लू' खटल्यात टू-फिंगर टेस्ट पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करते असं म्हटलं, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याच्या खुणा' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. त्यामागेही खांडेकरांचा पाठपुरावा होता. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही टेस्ट करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. नऊ वर्षांत एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते तेव्हा आदेश आणि व्यवहार यांच्यात किती अंतर आहे ते कळतं.

अहवालात 'जखमा नाहीत' असं लिहिलेलं असलं की आरोपीचे वकील ते वाक्य घट्ट धरतात. लहान मुलांवरच्या बऱ्याच अत्याचारांत जखम होतच नाही, आणि झाली तरी लवकर भरते. तक्रार चार-सहा दिवसांनी झाली तर काहीच दिसत नाही. खूण नसणं म्हणजे घटना न घडणं नव्हे, ही साधी गोष्ट डॉक्टरांनी अभिप्रायातच लिहिणं महत्त्वाचं असतं.

आणि शब्द खरा मानला तरी गोष्ट संपते असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तिच्या अंगाला हात लावल्याचं मान्य केलं, पण कपड्यावरून हात लावला, त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही, म्हणून पोक्सोचं कलम लागत नाही असं ठरवलं. नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हेतू लैंगिक आहे का ते बघायचं, कापड नव्हे. मुलीचं म्हणणं दहा महिने खरंही होतं आणि अपुरंही.

आता कागदांबद्दल थोडं, कारण संशोधनात खरा घोळ इथे होतो. सेशन कोर्टात साक्ष नोंदवताना प्रश्नोत्तरं सहसा लिहीत नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ प्रमाणे साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात लिहायची. न्यायाधीशाला वाटलं तरच प्रश्न-उत्तर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच रीत ठेवली आहे. त्यामुळे तुमच्या हातात जो कागद येतो त्यात मुलगी सलग, व्याकरणशुद्ध मराठीत बोलताना दिसते. प्रश्न गायब. किती वेळ गप्प होती, कितव्यांदा विचारल्यावर बोलली, रडली का, पाणी मागितलं का, हे नाही.

समजा हिंगणघाटकडच्या एखाद्या सात वर्षांच्या मुलाला वकिलाने विचारलं, "इथं काय सांगायचं ते आईनं सांगितलं ना?" मूल म्हणतं, "हो, मायनं सांगतलं." आईने सांगितलेलं असतं ते एवढंच : घाबरू नको, जे झालं थे सांग. कागदावर उतरतं : 'हे म्हणणे खरे आहे की कोर्टात काय सांगायचे ते मला आईने सांगितले.' नागपूरला अपिलात त्याचं इंग्रजी होतं, आणि मूल पढवलेला साक्षीदार ठरतं. वऱ्हाडी बोली, प्रमाण मराठी, इंग्रजी, अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडतं. मुलं शरीराच्या भागांसाठी घरातले शब्द वापरतात, त्यांच्या जागी कागदावर पोलिसी मराठीतला 'गुप्तांग' येतो, आणि मग वकील म्हणतात हा शब्द या वयाच्या मुलाचा असूच शकत नाही. बरोबरच आहे, तो त्याचा नव्हताच.

मुलं पढवली जाऊ शकत नाहीत असं मात्र कुणी समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात, १९८३ पासून, शेकडो मुलांना सूचक प्रश्न विचारून विचारून अशक्य गोष्टी वदवून घेतल्या गेल्या. १९९० ला खटला संपला तेव्हा एकालाही शिक्षा झाली नाही, पण आरोपींची आयुष्यं गेली ती गेलीच. त्यातून मुलाखतीच्या पद्धतींवर मोठं संशोधन झालं आणि त्याचा सांगावा एकच : मुलाच्या उत्तराची विश्वासार्हता बरीचशी प्रश्नावर अवलंबून असते. मोकळा प्रश्न विचारला तर लहान मूलही बरंच अचूक सांगतं, 'हो ना?' असा शेपटीचा प्रश्न विचारला की गडबड. म्हणजे ज्या कागदात प्रश्नच नाही त्यावरून मूल पढवलेलं होतं की नव्हतं हे ठरवणं शास्त्राच्या दृष्टीने जवळपास अशक्य आहे. वरची कोर्टं ते दर महिन्याला ठरवतात.

पोक्सोने यावर उपाय दिलेत, कागदावर ते चांगलेही आहेत. कलम ३३ प्रमाणे वकिलाने थेट मुलाला न विचारता प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचे आणि त्यांनी विचारायचे. मुलाला वारंवार बोलवायचं नाही, मध्ये विश्रांती द्यायची. कलम ३६ प्रमाणे आरोपी समोर दिसू नये. कलम ३५ प्रमाणे दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, शक्यतो वर्षात खटला संपावा. पडद्याआडून साक्ष आणि प्रश्न लेखी देणं या गोष्टी २००४ च्या 'साक्षी' निवाड्यातच आल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात साक्ष केंद्र करायला सांगितलं आणि न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमली. या सगळ्यांत मला ३० दिवसांची मुदत सगळ्यात महत्त्वाची वाटते, खेळणी आणि रंगवलेल्या भिंतींपेक्षा. सातव्या वर्षी घडलेलं दहाव्या वर्षी सांगायचं, मध्ये आरोपी त्याच गल्लीत राहतो, कधी तो काकाच असतो, घरातले म्हणतात आता जाऊ दे. मग एक दिवस निकालपत्रात येतं : साक्षीदार फितूर. हा शब्द मुलासाठी वापरताना लिहिणाऱ्याचा हात अडखळत कसा नाही, कोण जाणे.

काम सुरू करणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पीडित मुलांच्या मुलाखती घ्यायच्या भानगडीत पडू नका. नैतिकता समितीची परवानगी मिळाली तरी एकदा पोलिसाला, एकदा डॉक्टरला, एकदा मॅजिस्ट्रेटला आणि एकदा कोर्टात सांगून झालेलं मूल तुम्हाला पाचव्यांदा कशाला सांगेल? ई-कोर्टच्या संकेतस्थळावर निकालपत्रं मिळतात. नाव झाकायचं राहून गेलेलं दिसलं तर तुम्ही झाका. गाव, शाळा आणि आरोपीशी नातं एकत्र लिहिलं तरी मूल ओळखता येतं, हे वर्ध्यासारख्या लहान जिल्ह्यात विशेष जपा. जुन्या फायली जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये कायम राहत नाहीत, मुदत संपली की नष्ट करतात. अर्ज आधी करा, साहित्याचा आढावा नंतर लिहा.

आणि पहिला सराव म्हणून एका जिल्ह्यातली पोक्सोची वीस निकालपत्रं घ्या. प्रत्येकात मुलाच्या साक्षीला किती परिच्छेद आहेत आणि डॉक्टर, मुख्याध्यापक, पंच, तपास अधिकारी यांना मिळून किती, ते मोजा. मुलाचे स्वतःचे शब्द, अवतरणचिन्हांत, किती वेळा आले तेही मोजा. तक्ता एका दुपारी होतो. शेवटचा रकाना बऱ्याचदा कोरा राहील, तो तसाच राहू द्या, शून्य भरा.